प्रश्न सातवा

भागवत मॅडमनी पहिल्याच पानावर लाल रेघ ओढली.
प्रेक्षक: 'सगळे' असं लिहू नये.
सगळे म्हणजे कुणीच नाही.
मग आम्ही कुणीतरी शोधायला निघालो,
ओजस्विनी, शाहबाज आणि मी,
बारा प्रश्न, पाठपोट झेरॉक्स,
आणि एक पॅड, ज्याची क्लिप बोटाला चावायची.

गाणं वैजनाथचं. तीन मिनिटं बावीस सेकंद.
चित्रं डोक्यात आधीच ठरलेली:
झेड ब्रिज, संध्याकाळ, एक मुलगी, वाऱ्यावर ओढणी,
आणि शाहबाजच्या मावसभावाचा ड्रोन,
जो लग्नसराई संपली की मिळणार होता.
खरं सांगायचं तर
आम्ही विचारायला गेलोच नव्हतो,
होकार गोळा करायला गेलो होतो.

स्वारगेटला एका गृहस्थांनी बाराच्या बारा प्रश्न वाचले,
दोन ठिकाणची वेलांटी दुरुस्त केली
आणि उत्तर न देता कात्रजच्या बसमध्ये चढले.
डेक्कनला गॅरेजमधलं एक पोरगं म्हणालं, चार सेकंद.
चार सेकंदांत काही झालं नाही
तर अंगठा आपोआप सरकतो,
मी नाही सरकवत, तोच जातो.
त्यानं अंगठा दाखवला.
साधाच होता. नखात ग्रीस.

सातवा प्रश्न: व्हिडिओ मध्येच कधी बंद करता?
बस आली की.
वडील आले की.
डेटा संपला की.
हिरॉइन रडायला लागली की, कारण मग मला पण
(हे खोडलेलं होतं, पण उजेडात धरलं की वाचता यायचं.)

रविवारी कँटीनच्या टेबलावर त्रेसष्ट कागद मांडले,
चहाच्या ग्लासांनी दाबून.
अडतीस जणांना नाच हवा.
एकोणीस जणांना बुलेट.
झेड ब्रिजपुढे नऊ कागदांवर एकच शब्द: 'परत?'
ड्रोनचं नाव कुणीच काढलं नव्हतं.
भावाला आता काय सांगू, म्हणाला शाहबाज,
आणि बराच वेळ क्रीमरोलचा कागद घड्या घालत बसला.

शेवटचा कागद ओजस्विनीच्या अक्षरात,
कारण सांगणारीचे हात रिकामे नव्हते.
रत्नप्रभा काळोखे, रास्ता पेठ, वय पंचावन्न,
डब्याच्या पोळ्या, रोज दोनशे.
'फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते.
बघत नाही गं, ऐकते.
आवाज थांबला तरच मान वर करते,
बंद पडलं की काय बघायला.'

आमचा वयोगट अठरा ते चोवीस.
नियमानं हा कागद बाजूला ठेवायचा. ठेवलाही.
बिल द्यायला उठलो तेव्हा शाहबाज म्हणाला,
आपल्यात थांबतो ना रे आवाज? दुसऱ्या कडव्यानंतर?

थांबतो. दोन मिनिटं नऊ सेकंदांवर.
सहा सेकंद काहीच नाही,
तबला नाही, श्वासही नाही.
मिक्सिंगवाला म्हणाला होता, भरून टाकू काहीतरी,
आणि वैजनाथ त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

आता भिंतीवर पस्तीस चौकटी आहेत.
नाच आहे. बुलेट आहे, वैजनाथच्या काकांची, ढकलून सुरू होणारी.
पहिल्या चार सेकंदांत जिन्यावरून कळशी गडगडत येते,
ती अंगठ्यासाठी.
चौतीस भरल्या, एक कोरी.
त्या सहा सेकंदांत
रास्ता पेठेत एक मान वर होणार
आणि तिला काय दिसणार?
चेहरा, म्हणते ओजस्विनी.
आभाळ, म्हणतो शाहबाज, वरून घेतलेलं.
(ड्रोन अजून त्याच्या डोक्यातून उतरलेला नाही.)

काल मी एकटाच गेलो. तेरावा प्रश्न हातावर लिहून.
लवकर विचार, म्हणाल्या, पोळी करपेल.
विचारला.
त्यांनी पोळी उलटली, फुगू दिली,
फडक्यानं कड दाबली.

'काय पण दाखव. फक्त हलतं दाखव.
म्हणजे कळेल, चालू आहे.'